रिपोर्टवर ‘कॅन्सर’ लिहिलेलंच नव्हतं

संपादक महोदय,

मी कराड तालुक्यातला गवंडी. गेल्या पावसाळ्यात आईच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला, जेवताना तिखट झोंबायला लागलं. आई लहानपणापासून मिसरी लावते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, रोज सकाळी बोटाने. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट मीच लॅबमधून आणला. दोन पानं, सगळं इंग्रजी. बारावीतल्या मुलीने दोनदा वाचला. ‘‘पप्पा, कॅन्सर कुठंच लिहिलेलं नाही.’’ लिहिलं होतं ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’. माझ्या पाठीवरची गाठ काढली होती तेव्हा ‘लायपोमा’ आलं होतं, ती निघाली नुसती चरबीची गाठ. हेही त्यातलंच समजून आम्ही पेढे वाटले. स्लॅबचं काम चालू होतं, डॉक्टरांकडे जायला तीन आठवडे गेले.

कार्सिनोमा म्हणजे कॅन्सरच. डॉक्टरांनी मग माझ्याच कामाच्या भाषेत सांगितलं. बाहेरून कातडी आणि आतून तोंड, आतडी, नळ्या यांचं अस्तर, हा शरीराचा गिलावा. त्यात सुरू होतो तो कार्सिनोमा; हाडामासात उठतो तो सार्कोमा. बहुतेक कॅन्सर गिलाव्यातलेच. तोंडातल्या किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या खवल्यांसारख्या चपट्या पेशी बिघडल्या की स्क्वॅमस. रस पाझरणाऱ्या ग्रंथींतून निघाला तर अ‍ॅडिनोकार्सिनोमा. स्तनाचे, मोठ्या आतड्याचे बहुतेक त्यातले. बेसल सेल कातडीचा, तो सहसा लांब पसरत नाही. आणि ‘इन सिटू’ लिहिलं असेल तर ओल अजून गिलाव्यातच आहे, विटेत उतरलेली नाही. आईची उतरली होती. ऑपरेशन झालं, शेकही (रेडिएशन) झाले. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही. भाकरी दुधात कुस्करून खाते.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे (ती कशी पाळतात ते कुठल्याही टपरीवर बघा). मिसरी तर घरच्याच तव्यावर भाजली जाते. तिला व्यसन म्हटलं की आमच्याकडच्या बायका चिडतात, आम्ही दात घासतो म्हणतात.

माझी मागणी लॅबवाल्यांकडे आहे. रिपोर्टच्या तळाशी मराठीत एक ओळ छापा : ‘हा कॅन्सर आहे, डॉक्टरांना लगेच भेटा.’ पेशंट घाबरेल म्हणाल, तर आम्ही घाबरलो असतो तर दुसऱ्याच दिवशी गेलो असतो. जागेची अडचणही सांगू नका. आमच्या रिपोर्टचं दुसरं पान निम्मं कोरं होतं.

— एक गवंडी, ता. कराड