केसपेपरवरच्या एका ओळीसाठी आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सविनय नमस्कार.

आपल्याकडून परतून तीन आठवडे झाले, तरी हे पत्र लिहिताना अजून भरून येते. माझ्या मुलाला दोन वर्षांत चार वेळा न्यूमोनिया झाला आणि दर वेळी 'बालदमा आहे', 'अ‍ॅलर्जी असेल' असे सांगून आमच्या हातात नवी चिठ्ठी ठेवण्यात आली. पाठीवर हात ठेवला की घरघर उजव्या खांद्यामागेच लागते, असे मी सांगू लागले की समोरचे डॉक्टर माझ्या यजमानांकडे पाहून हसत. एकांनी तर 'आई जरा जास्तच घाबरते' असे सुनावले. मुलाची छाती तपासण्याआधी माझेच निदान झाले होते!

आपण तेच वाक्य ऐकलेत, मला पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलेत आणि केसपेपरवर लिहिलेत : 'आईचे निरीक्षण – घरघर दर वेळी उजवीकडे, वर.' त्यानंतर जुने एक्स-रे तारखेप्रमाणे लावलेत, तेव्हा चारही वेळा डाग एकाच जागी दिसला. पुढचा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी यांबद्दल मी येथे लिहीत नाही, कारण माझ्यासाठी निदान त्या ओळीपाशीच सुरू झाले होते.

श्वासनलिका खाली दुभंगण्याआधीच तिच्या उजव्या अंगाने एक फांदी थेट फुफ्फुसाच्या वरच्या खंडाकडे गेलेली आहे आणि तेथील कफ नीट निघत नाही, हे आपण कागदावर चित्र काढून मुलालाही समजावलेत. डुकरांमध्ये अशी फांदी असतेच, हे ऐकून तो तापातही हसला. माणसांत मात्र ती क्वचित आढळते, १७८५ साली शरीररचनाशास्त्रज्ञ सँडिफोर्ट यांनी तिची नोंद केली आणि बहुतेकांना तिचा त्रासही होत नाही, हे कळल्यावर माझ्या काळजीला किमान एक नाव मिळाले – 'ट्रॅकिअल ब्राँकस'. मोठी यंत्रे पुष्कळ ठिकाणी असतात. समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेण्याचा सभ्यपणा आम्हाला पाचव्या दारी भेटला.

पुढे कधी भूल द्यावी लागली, तर घशातून घातलेल्या नळीने त्या फांदीचे तोंड बंद होऊ शकते, म्हणून भूलतज्ज्ञांना आधी दाखवायचा कागद आपण लिहून दिलात. तो फाईलमध्ये सर्वांत वर आहे. त्याच्याखाली मी त्या केसपेपरची झेरॉक्स लावली आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची आई