सुळक्यावरून धड उतरले, हात मोडला तो तुमच्या साकवावर

प्रति,
मा. मंत्रीमहोदय यांस,

सप्रेम नमस्कार वि.वि. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतेय, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर आपण मोठ्या मनाने सांभाळून घ्याल.

दोन वर्षांमागे आमच्या त्या नदीकाठच्या गावात आपल्या शुभहस्ते नव्या साकवाचं भूमिपूजन झालं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गावकऱ्यांना नंतर त्रास नको. "पुढच्या पावसाळ्याआधी पोरं नव्या साकवावरून शाळेत जातील" असं आपण म्हणालात, टाळ्या पडल्या. पावसाळे दोन होऊन गेले. साकव अजून जुनाच, कोनशिला मात्र एकदम ठणठणीत, आमचा क्लाइंबिंगचा इन्स्ट्रक्टर गमतीने म्हणाला की इथे दोर अडकवायला अँकर लावला तर दहा माणसं बिनधास्त रॅपल करतील, म्हणजे दोरावरून खाली उतरतील.

गेल्या रविवारी आम्ही 18 जण तिथल्या सुळक्यावर गेलो होतो. सगळे नवखे. मी 46 वर्षांची, आयुष्यात झाडावर चढले नव्हते, मुलीने नाव घातलं म्हणून आले. आधी दोन तास खाली बसून नुसती फिगर ऑफ एटची गाठ, सोडायची, परत मारायची, मग हार्नेसची, म्हणजे दोर अडकवायच्या कमरपट्ट्याची, बकल एकाने लावायची आणि दुसऱ्याने ओढून बघायची. हेल्मेट नाही तर कातळाजवळ पण उभं राहायचं नाही. पहिला टप्पा साठेक फूट, दोर वरून लावलेला, म्हणजे हात सुटला तरी माणूस जेमतेम फूट-दोन फूट खाली येऊन लोंबकळतो, माझा दोनदा सुटला. सह्याद्रीचा कातळ लांबून अभेद्य दिसतो पण मधे मधे तांबड्या मातकट थराचा पट्टा असतो, तिथे खोबणी हातात निघून येते, तेवढा पट्टा पोरांनी आधीच चुन्याने आखून ठेवला होता आणि बोल्ट त्याच्या वर, घट्ट दगडात मारले होते. बिले म्हणजे खालच्या माणसाने आपला दोर सांभाळून धरणं; "ऑन बिले?" विचारायचं, खालून "बिले ऑन" आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. "काकू, हाताने लोंबकळू नका, पायावर उभ्या राहा." इतक्या वर्षांत मला असं कोणी सांगितलं नव्हतं, पण ते असो.

वर पोचले आणि रडले. खाली नदी, पलीकडे शाळेचं कौलारू छप्पर. अठराच्या अठरा जण ओरखडासुद्धा न लागता उतरलो.

मग परत येताना साकव. वरच्या धरणातनं पाणी सोडतात त्यामुळे सकाळी गुडघाभर असतं ते दुपारी कमरेच्या वर येतं, चालत नदी ओलांडायची सोय नाही. मधली फळी कुजलेली, कठडा एका बाजूला नाहीच, पाय आत गेला आणि मी हातावर पडले. मनगटाची दोन्ही हाडं. गावातल्या चार जणांनी चादरीची डोली करून मला दीड किलोमीटर रस्त्यापर्यंत आणलं, आरोग्य केंद्रात एक्स-रे मशीन होतं, ते चालवणारा माणूस नव्हता. शहरात येऊन प्लेट बसेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. आता भाकरी थापता येत नाही, वेणी मुलगी घालते, ऑफिसात बिनपगारी रजा, आणि सासूबाई दिवसातनं चारदा विचारतात की या वयात कोणी सांगितलं होतं.

आणि साहेब, प्रशासन एवढं तत्पर की तिसऱ्या दिवशी बोर्ड लागला. कुठे? सुळक्याच्या पायथ्याशी! "गिर्यारोहणास सक्त मनाई." जबाब घ्यायला आलेल्याने पहिला प्रश्न विचारला, परवानगी होती का? साकवावरून चालायची परवानगी कोणाकडे मागायची असते ते सांगा, पुढच्या वेळी अर्ज करते, सोबत दोन फोटो जोडते.

2018 ला जीआर काढलात, 2021 ला साहसी पर्यटनाचं धोरण आणलंत, आयोजकांनी काय काय करायचं याची यादीच यादी. करावं की, केलंच पाहिजे, आमच्या पोरांनी केलं होतं. तुमच्या लाकडी फळ्यांना कुठलं धोरण लागू आहे? 2016 ला महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांचा पूल वाहून गेला, दोन एसट्या गेल्या, चाळीसेक माणसं गेली, मग वर्षाच्या आत नवा पूल उभा. म्हणजे जमतं तुम्हाला! 2025 च्या जूनमध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल पडला, चार जण गेले. सगळीकडे तेच, आधी बोर्ड, मग माणसं, मग मदत जाहीर, मग चौकशी समिती. दरड कोसळली की ट्रेकिंग बंद, कोणी बुडालं की धबधबा बंद, बंद करायला पैसे लागत नाहीत ना. ऑलिम्पिकमध्ये क्लाइंबिंग आलं टोकियोला, आपल्याकडे अजून ती "हुल्लडबाजी".

मी तर एकदाच पडले. वाडीतली 14 पोरं रोज दोनदा तिथनं जातात, शाळेचे दोनशे दिवस धरले तरी वर्षाला साडेपाच हजार वेळा होतात, हिशोब चुकला असेल तर तुमच्या खात्याने दुरुस्त करावा. त्यांच्या कमरेला हार्नेस नाही, बिले द्यायला कोणी नाही.

मागणी काय, तर मनाईचा बोर्ड तिथनं उपटून साकवावर लावा, निदान लोक बघून चालतील. आणि तुम्ही म्हणाला होतात तो साकव बांधा.

तोवर गावातल्या काकांनी मोडक्या फळीच्या जागी दोन बांबू टाकलेत आणि आमच्या ग्रुपने चढाईतून बाद केलेला जुना दोर कठड्याला बांधून दिलाय. बांबू, खिळे, तार मिळून 340 रुपये झाले. पावती माझ्याकडे आहे, कुठल्या टेबलावर पाठवू ते कळवा.

आपली,
एक मतदार, ठाणे