तिसऱ्या रकान्याबद्दल आभार

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुम्ही कंपनी सोडलीत तेव्हा निरोपाच्या गडबडीत हे बोलायचं राहून गेलं.

आपलं अँड्रॉइड अ‍ॅप बिल्ड व्हायला, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारं अ‍ॅप तयार व्हायला, फार वेळ लागतो, अशी तक्रार टीममध्ये प्रत्येक जण करायचा. किती वेळ, हे मात्र कुणी मोजलं नव्हतं. मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "दिवसाला किती जातो?" मी म्हटलं, अर्धा तास असेल. तुम्ही ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढून तीन रकाने आखलेत: बिल्ड कधी लावलं, कधी संपलं, आणि मी पुन्हा कामाला कधी लागले.

पहिल्या दोन रकान्यांसाठी वही लागतच नव्हती; बिल्ड संपलं की ते करणारं टूल, ग्रेडल, किती वेळ लागला ते स्वतःच छापतं. तिसरा रकाना कुठलंही टूल भरून देत नाही. आठवडाभराची बेरीज रोजच्या पावणेदोन तासांवर गेली आणि त्यातला जवळपास निम्मा वेळ बिल्ड संपल्यानंतरचा होता. सहा मिनिटं थांबायचं म्हणून मी दुसरा बग उघडायचे, आणि परत आल्यावर मघाशी नेमकं काय तपासत होते ते आठवण्यातच वेळ जायचा. ते आकडे दाखवताना मला भीती वाटत होती. तुम्ही म्हणालात, "हा तुझा आळस नाही, बिल्डचाच खर्च आहे. तोही त्यातच धरायचा." तो दिलासा मी विसरलेले नाही.

मग शेजारी बसून तुम्ही प्रोफाइल रिपोर्ट, म्हणजे बिल्डच्या कुठल्या टप्प्याला किती वेळ गेला त्याचा अहवाल, वाचायला शिकवलंत. बिल्डकॉन्फिग या बिल्डच्या वेळी आपोआप तयार होणाऱ्या फाइलमध्ये कुणीतरी चालू वेळ टाकून ठेवली होती, त्यामुळे कोडची एकही ओळ न बदलता बिल्ड लावलं तरी ती फाइल दर वेळी नवी ठरायची आणि कंपायलर पुन्हा कामाला लागायचा. जे बदललं नाही ते पुन्हा बांधायचं नाही, ही सोय स्टुअर्ट फेल्डमन यांच्या 'मेक' या बिल्ड टूलने १९७६ मध्येच करून ठेवली होती, हे तेव्हा तुमच्याकडूनच कळलं. आपण ती वेळ फक्त रिलीज बिल्डपुरती, म्हणजे वापरणाऱ्यांना द्यायच्या अ‍ॅपपुरती, ठेवली. आपला कोड कोटलिन भाषेतला; त्यावरून जादा कोड तयार करवणारं कॅप्ट हे टूल आधी त्या कोडसाठी जावा स्टब, म्हणजे जावा भाषेतले नुसते सांगाडे, तयार करतं, त्यात बराच वेळ जात होता. म्हणून रूम ही डेटाबेसची लायब्ररी आपण केएसपीवर नेली; त्याला असे स्टब लागत नाहीत. लॅपटॉपची रॅम वाढवून मागणारे माझे दोन ईमेल अनुत्तरित होते. तुम्ही मॅनेजरपुढे वही उघडून ठेवलीत, आणि पुढच्या महिन्यात सोळा जीबीचे लॅपटॉप आले.

आता छोट्या बदलाचं बिल्ड दीड मिनिटाच्या आत होतं. तेवढ्यात मी जागेवरून हलत नाही, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या वेळा बहुतेक सारख्याच असतात.

वही माझ्याकडेच आहे. निम्मी कोरी आहे. सोमवारी टीममध्ये एक नवी मुलगी आली आहे, तुमची हरकत नसेल तर तिला देते.

तुमची,
शेजारच्या डेस्कवरची