मालकंसात शिरलेला पंचम

मा. संपादक,

सांगली-मिरजेतले तरुण बँड रागांवर रॉक गाणी बांधतात, तेव्हा ‘शास्त्रीय संगीत बाटवले’ अशी ओरड होते. जिथे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि जिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मिरजेत कान तिखट असणारच. पण दोष गिटारचा नाही. मालकंस रागाचेच पाहा; रॉकवाल्यांची पहिली उडी बहुधा तिथेच पडते.

मालकंसात रिषभ (रे) आणि पंचम (प) वर्ज्य, म्हणजे लावायचेच नाहीत. ग, ध, नि कोमल. गाणे बांधणारा मात्र सवयीने षड्जावर (सा) पॉवर कॉर्ड मारतो. पॉवर कॉर्ड म्हणजे एक स्वर आणि त्याचा पंचम (त्या स्वराला सा मानले की येणारा प), म्हणजे पहिल्याच ठोक्याला राग गेला! कानाला मग धानी राग वाटतो, कारण रॉकची नेहमीची पाच स्वरांची मायनर पेंटाटोनिक सरगम म्हणजे धानीचेच पाच स्वर. गंमत अशी, की मालकंसाच्या उरलेल्या चारही स्वरांवर पॉवर कॉर्ड बिनधोक चालते: गंधारावर निषाद येतो, मध्यमावर वरचा षड्ज, धैवतावर गंधार, निषादावर मध्यम. नडतो तो फक्त षड्ज. तिथे पंचमाऐवजी मध्यम धरावा. डिस्टॉर्शनमध्ये (गिटारचा आवाज मुद्दाम फाडतात त्यात) सा-म या जोडीतून खालचा मध्यम घुमतो आणि तोच मूळ स्वर भासतो. मध्यम वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, असल्याने ते शोभतेही, पण बेस गिटारने सा सोडू नये.

मालकंसासाठी तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणतात. गिटारलाही तेच करावे. सूर पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, इंग्रजी D) धरून सहावी आणि पाचवी तार प्रत्येकी दोन पडद्यांइतकी उतरवली, की खालच्या तीन तारा सा-म-सा होतात. बारीक तारांचा नऊ नंबरचा सेट इतका उतरवल्यावर भडभडतो. त्याहून जाड, दहा किंवा अकराचा घ्यावा. वरची पहिली तार रिषभाची आणि दुसरी शुद्ध धैवताची, म्हणून त्या मोकळ्या वाजू देऊ नयेत.

यमन-भूप या रागांत दुखणे वेगळे. जवारी (घोडीवर तार घासून येणारी गुंजन) नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या षड्जातून गंधार आपसूक ऐकू येतो. गिटारच्या पडद्यावरचा शुद्ध गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे एका पडद्याच्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. षड्ज १४६.८ हर्ट्झ असेल, तर वरच्या सप्तकात दोन्ही गंधार सेकंदाला तीनएक वेळा एकमेकांना धडकतात, आणि गेन (डिस्टॉर्शनचा जोर) वाढवला की नुसती खरखर. कॉर्डमधून गंधार काढून टाकावा. तो गायकाने घ्यावा.

मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याचा, एक मुद्दा राहिला. तार ओढल्यावर सूर फक्त चढतो, म्हणून मध्यमावरून गंधारावर उतरायचे तर आधी ओढून ठेवावे लागते. तिसऱ्या तारेवर दहावा पडदा हा कोमल गंधार. तिथे बोट ठेवून तार न वाजवता मध्यमापर्यंत ओढावी, मग छेडावी आणि सावकाश सोडावी. ओढाताणीनंतर तार बेसूर होते ती बहुतेकदा मानेच्या टोकाच्या खाचेत अडकल्याने. खाचेत शिसपेन्सिल घासली की ती सरकते. सूर तपासताना डिस्टॉर्शन बंद ठेवावे आणि कान तंबोऱ्याकडे.

— एक वाचक, मिरज (जि. सांगली)