तिकिटं काढली आहेत, रागावू नका

टोकियो, ११ जानेवारी

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई "पुढच्या वर्षी बघू" म्हणाली असती आणि बाबांनी फोन दादाकडे दिला असता. म्हणून लिहिते आहे. तुमची दोघांची तिकिटं मी काढली आहेत. २८ मार्चला मुंबईहून निघायचं आणि १८ एप्रिलला परतायचं. रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत, हेही आत्ताच सांगते, कारण नंतर कळलं तर तुम्हाला जास्त वाईट वाटेल.

न विचारता ठरवलं, हे चुकलं. पण विचारलं की काय होतं ते आपण तीन वर्षं बघतोय. आई, तुझा पाडवा आणि रामनवमी दोन्ही साताऱ्यात होतील, मगच निघायचं आहे. हनुमान जयंती तेवढी इथे करू, मारुतीचा फोटो माझ्या देवघरात आहे. आणि बाबा, खर्चाचं मनात आणू नका. समीरने आणि मी वर्षभर त्यासाठी बाजूला टाकले आहेत. एफडी मोडायची नाही. मोडलीत असं कळलं तर मी खरंच बोलणार नाही.

ऑगस्टमधलं माझ्या मनातून जात नाही. स्टेंट टाकला त्या रात्री दादा एकटा बाहेर बसला होता आणि मी इथे फोन हातात धरून. मी पोचले तेव्हा बाबा घरी आले होते आणि मलाच विचारत होते, "प्रवासात जेवलीस का?" तेव्हाच ठरवलं, की आता तुम्ही म्हणाल तेव्हा नाही, पाय चालतायत तोवर तुम्हाला इथे आणायचं. डॉक्टरांशी मी बोलले आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तपासणी करून ते हो म्हणाले तरच विमान. ते नाही म्हणाले तर पैसे गेले तरी चालतील.

तारीख अशी का निवडली ते बाबांना आवडेल. इथे यासुकुनी देवळाच्या आवारात साकुराचं, म्हणजे चेरीच्या फुलांचं, एक ठरलेलं झाड आहे. हवामान खात्याची माणसं जाऊन ते बघतात. त्यावर पाच-सहा फुलं उमललेली दिसली की टोकियोत साकुरा आला असं जाहीर करतात. तुमच्या पावसाच्या वहीसारखीच त्यांची नोंद असते. सरासरीने २४ मार्चला फुलं उमलतात आणि ३१ मार्चच्या सुमाराला पूर्ण बहर येतो. पण २०२३ साली १४ मार्चलाच उमलली आणि २०२४ साली २९ पर्यंत वाट बघावी लागली. म्हणून मधली तारीख धरली. तरीही चुकलंच, तर शिंजुकु ग्योएन बागेत उशिरा फुलणाऱ्या जाती आहेत, तिथे एप्रिलच्या मध्यापर्यंत काही ना काही मिळतंच. तिथे पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट आहे, ५०० ऐवजी २५० येन. पासपोर्ट दाखवावा लागेल.

बाबा, तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभी करून कासला न्यायचात, आठवतंय? तेव्हा तिथे कुंपण नव्हतं, तिकीट नव्हतं. माझी चप्पल चिखलात रुतून राहिली आणि तुम्ही मला खांद्यावर घेऊन ती जांभळी फुलं दाखवलीत. परत येताना मी तुमच्या पाठीला डोकं लावून झोपले होते आणि आईने ओढणीने मला तुमच्याशी बांधलं होतं. मला अजून त्या शर्टाचा वास आठवतो. इथे दर वर्षी फुलं आली की मी समीरला तेच सांगते, आणि तो दर वर्षी मुकाट्याने ऐकतो.

व्हिसाच्या कागदांत दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो, तो मी केला आहे. पण तो कागदापुरता. खरं म्हणजे दिवसाला एकच ठिकाण, दुपारी घरी येऊन झोप. आमच्या निशी-कासाईहून मेट्रो न बदलता कुदानशिताला जाता येतं. तिथे जुन्या एदो किल्ल्याच्या खंदकावर फुलांच्या फांद्या पाण्यापर्यंत वाकतात. थोडा चढ आहे, तो सावकाश चढू. सकाळी या मेट्रोत फार गर्दी असते, म्हणून दहानंतर निघायचं. आसाकुसाचं सेन्सोजी देऊळ बघायचं आणि तिथूनच नदीतल्या बोटीत बसायचं, म्हणजे बाबांना चालावं लागणार नाही. उएनोच्या तळ्यात बेटावर बेन्तेनचं देऊळ आहे. बेन्तेन म्हणजे आपली सरस्वतीच, फक्त तिच्या हातातल्या वीणेची इथे बिवा झाली. आई, तिथे तुला मी आधी नेणार आहे. तू वसंत पंचमीला माझ्या पाटीवर जे काढून द्यायचीस, ते आमच्या ईशानला अजून दाखवलेलं नाही. ते तू दाखव.

जेवणाची काळजी नको. आमच्या भागात भारतीय दुकानं आहेत, तूरडाळ, कणीक, हिंग सगळं मिळतं. बाहेर मात्र मला विचारल्याशिवाय काही खायचं नाही. भाजीच्या साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाचं पाणी असतं. साकुरामोची नावाचं गोड खुशाल खा. मिठातल्या पानात गुंडाळलेलं असतं, आत लाल घेवड्याचं गोड सारण, जवळजवळ पुरणच. झोपायला जमिनीवर गादी नाही, तुमच्यासाठी पलंग आणला आहे, गुडघ्यांना त्रास होणार नाही अशा उंचीचा. संडासात कमोडला पाण्याचा फवारा आहे आणि बैठक गरम असते. बाबा, ही तुमची मोठी चिंता होती, ती सोडा.

आता नीट वाचा. गोळ्या एक महिन्याला पुरतील एवढ्याच आणा, त्याहून जास्त आणायच्या तर वेगळी परवानगी काढावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नाही. नाशिकला जाताना झालं तसं होऊ देऊ नका. सर्दीच्या गोळ्या तिकडून आणू नका, काहींवर इथे बंदी आहे. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे काहीही आणू नका, विमानतळावर काढून घेतात. आई, मेतकूट आण, थोडंच. स्वेटर दोघांनीही आणायचे. फुलांच्या दिवसांत अचानक गारठा परततो, इथे त्याला वेगळा शब्दच आहे, हानाबिए. बूट बिनलेसचे घ्या, सारखे काढावे लागतात. मुंबईच्या आणि इथल्या विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. बाबा, बसायचं. लांब चालणं आहे म्हणून ती आहे, तुम्ही म्हातारे झालात म्हणून नाही.

आणि जे शेवटी ठेवलं ते हे. ७ एप्रिलला ईशानचा पहिलीचा पहिला दिवस आहे. इथे शाळा एप्रिलमध्येच सुरू होते, आणि पाठीवरचं कडक चामडी दप्तर, रँदोसेरू, बहुधा आजी-आजोबा घेऊन देतात. सहा वर्षं मुलं तेच वापरतात. त्याच्या वर्गातल्या मुलांच्या आजी-आजोबांनी केव्हाच दिलं. त्याने एकदाच विचारलं, "माझे आजोबा सातारहून आणणार का?" मी हो म्हणाले. गडद हिरवं घेतलं आहे, खोकं उघडलेलं नाही. ते तुमच्या हातून उघडायचं. मग शाळेच्या फाटकापाशी सगळे फोटो काढतात, तिथे तुम्ही दोघं त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहा. तोवर झाडावरची फुलं बहुतेक गळून गेलेली असतील, फाटकासमोर पाकळ्यांचा सडा असेल.

मनात काही राहिलं असेल तर लिहा, रागावून लिहिलंत तरी चालेल. दादाला सांगितलं आहे, तुम्ही आदल्या दिवशी ठाण्याला त्याच्याकडे या. बाबांनी मिठाचं सांभाळा. आई, तू रात्रीची गोळी विसरू नकोस.

तुमची,
मनू

ता. क. शाळेत घरच्या सपाता न्याव्या लागतात. बाबांच्या पावलाचं माप कागदावर पेनाने काढून दादाकडून पाठवा. आईचं मला माहीत आहे.