मागच्या चाकाची घूं घूं

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

आठ महिने पत्र नाही की फोन नाही, मान्य. कारण विचारू नकोस, सांगण्यासारखं काही नाही. इकडे सगळे बरे आहेत. माझी कंबर तेवढी धरली आहे, पण ते कालपासूनचं.

तुझा लांब पाना सापडला! डिकीत, स्टेपनीच्या खालच्या खळग्यात, चिंधीत गुंडाळलेला. सतरा वर्षं मी चारचौघांत सांगत आलो की तो तूच कुठेतरी विसरलास. तू शपथा घेतल्यास आणि मी हसलो. असो.

पाना सापडला कारण जॅक काढत होतो. गाडी महिनाभर मागून गुणगुणत होती. चाळिसाच्या पुढे बारीक घूं घूं, साठला तर गिरणीत बसल्यासारखं. आधी टायरवर संशय घेतला. झिजून उंचसखल झालेला टायर अगदी असाच ओरडतो, म्हणून पुढचे मागे आणि मागचे पुढे केले. आवाज जागचा हलला नाही. मग न्यूट्रल टाकून पाहिलं, तरी तोच. उतरायचा तो फक्त वेगाबरोबर. शेवटी तुझी जुनी युक्ती आठवली. उजवीकडे लांब वळण घेतलं की आवाज चढायचा, डावीकडे घेतलं की मरायचा. म्हणजे भार पडतो ती डावी बाजू. चाक उचललं, स्प्रिंगवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. कानाला काही नाही, पण बोटांना खरखर लागली. म्हणजे चाकाचं बेअरिंगच गेलं होतं. त्या क्षणी तू शेजारी हवा होतास. 'सांगितलं होतं ना' असं म्हणायला तुझ्याइतकं कुणाला जमत नाही.

ड्रम काही केल्या निघेना. ब्रेकचे शू सैल केले तेव्हा आला. आतलं सील फाटलेलं, पाणी शिरून ग्रीसचा मातकट चिखल झालेला, आणि बाहेरच्या बेअरिंगच्या कपावर, रोलर फिरतात त्या कड्यावर, देवीच्या वणासारखे खड्डे. वर्षातून एकदा बेअरिंगवरची टोपी उघडून बघ, असं तू म्हणायचास. मी टोपी बाहेरून पुसायचो.

जुने कप छिन्नीने आलटून पालटून ठोकत काढले. नवे बसवायला जुन्याच कपाचा ठोकळा केला. कप तळाला टेकला की 'टण्' जाऊन 'ठक्' होतो, तो आवाज मी बरोबर ओळखला. रोलरचा कोन नवा आणि कप जुना असली काटकसर केली नाही; आतलं-बाहेरचं दोन्ही जोडीने बदललं. तळहातावर ग्रीस घेऊन रोलरमध्ये दाबून भरलं. इथपर्यंत माझ्यात खोट काढून दाखव.

आता बेअरिंग धरून ठेवणारा नट. ड्रम फिरवत घट्ट करायचा, म्हणजे रोलर नीट बसतात. मग सोडायचा आणि नुसत्या बोटांनी टेकवायचा. पिनेसाठी नटाची खाच आणि दांड्याचं भोक जुळलं नाही तर नट मागे घ्यायचा, पुढे कधीच नाही; आवळलेलं बेअरिंग तापून जळतं. हे मला पाठ आहे. काल खाच अर्ध्याने चुकली. मागे घेतला तर चाक हातात येऊन हललं तर काय, असं मनात आलं आणि मी पाना लावून पुढे घेतला. किंचितच. स्प्लिट पिन घातली, टोके वाकवली, टोपी ठोकली.

आवाज गेला रे. गाडी इतकी गप्प, की पुढच्या दाराची खडखड पहिल्यांदा ऐकली. पण पाऊण तास चालवून उतरलो आणि मागच्या दोन्ही चाकांच्या मधल्या हबांना हात लावला, तर डावा जास्त गरम. ब्रेक घासत असेल, म्हटलं. रात्री दोनला उठून पुन्हा हात लावायला गेलो. तोवर तो थंडच असणार, एवढंही सुचलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा दार लावलं का बघत होतो म्हणालो.

आणि मग झोप लागेना, कारण तुझी गाडी आठवली. तो धुराचा वास, निळा पडलेला रोलर आणि दादासमोर खाली मान घालून उभा असलेला तू. 'याचा हात जड आहे', मीच म्हणालो होतो ना? अरे, तू हात धुवायला गेला होतास. नट तू बरोबर टेकवून ठेवला होतास. मला तो सैल वाटला. मीच एक खाच पुढे घेतली, याच पान्याने. सतरा वर्षं बोललो नाही. पुढे तू हबला हात लावणंच सोडलंस, तेव्हाही नाही.

तुझी बदली झाली म्हणे. बरी की वाईट, कळव. लेकीला शाबासकी. वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय केलंस?

इथवर लिहून उठलो आणि टोपी उघडली. पिन काढून नट एक खाच मागे घेतला, दुसरी नवी पिन घातली. आता चाक वरखाली धरून हलवलं तर जाणवेल न जाणवेल इतकं हलतं. तू ठेवायचास तेवढंच.

तुझाच,
मी

ता. क. पाना पाठवणार नाही. हवा असेल तर ये आणि घेऊन जा. उजवं चाक अजून उघडलेलं नाही.