एफएमजीईचे साहित्य घेताना आधी आवृत्ती पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स अशा देशांतून वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्या मुलामुलींना इथे डॉक्टर म्हणून नोंदणीसाठी एफएमजीई ही परदेशी पदवीधरांसाठीची पात्रता परीक्षा पास व्हावीच लागते. निकाल लागला की कमी टक्केवारीची बातमी येते. पण ही मुले नेमके काय वाचून परीक्षेला बसतात, याची चर्चा होत नाही. साहित्य चुकीचे निवडल्याने होणारे नुकसान टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

परीक्षेत ३०० प्रश्न असतात, दीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला १५० मिनिटे. उत्तर चुकले तरी गुण कापले जात नाहीत आणि पास व्हायला १५० गुण लागतात. विषयवार गुणांची विभागणी राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या माहितीपत्रकातच दिलेली असते. क्लासचे पैसे भरण्याआधी ती छापून समोर ठेवावी. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३० आणि पीएसएमसुद्धा (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) ३०. बालरोग, ईएनटी, नेत्ररोग प्रत्येकी १५. म्हणजे पीएसएम आणि हे तीन विषय मिळून ७५ गुण, पास होण्यासाठी लागणाऱ्या गुणांच्या निम्मे. तरीही अनेक जण १७ गुणांच्या अॅनाटॉमीचे व्हिडिओ बघण्यात दोन महिने घालवतात आणि पीएसएम शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

नोट्स ताज्या आहेत की नाहीत, हे दहा मिनिटांत तपासता येते. फॉरेन्सिकचे (न्यायवैद्यकाचे) पान उघडा. हयगयीने मृत्यूसाठी आयपीसी ३०४-अ आणि पोलिसी इन्क्वेस्टसाठी (मृत्यूच्या चौकशीसाठी) सीआरपीसी १७४ एवढेच छापले असेल, तर त्या नोट्स १ जुलै २०२४ पूर्वीच्या आहेत. आता ही कलमे भारतीय न्याय संहितेत १०६ आणि नागरिक सुरक्षा संहितेत १९४ आहेत. गर्भपाताच्या कायद्यात एका डॉक्टरच्या मताची मर्यादा १२ आठवडे दाखवली असेल, तर २०२१ ची दुरुस्ती त्यात आलेली नाही. ती मर्यादा आता २० आठवडे आहे. लसीकरणाच्या तक्त्यात ६ आणि १४ आठवड्यांनंतर नवव्या महिन्याचा एफआयपीव्हीचा (पोलिओच्या इंजेक्शनचा) तिसरा डोस दिसला पाहिजे, तो जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. या तिन्हींपैकी एक जरी जुने निघाले, तरी तो संच घेऊ नये. टेलिग्रामवर फुकट फिरणाऱ्या पीडीएफ हमखास इथेच अडकतात.

अमेरिकी परीक्षेसाठी लिहिलेली पुस्तके पॅथॉलॉजी, फिजिऑलॉजी समजून घ्यायला उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावरचे आपले उपचार, जन्मतः दिली जाणारी बीसीजी ही क्षयरोगाची लस, क्षयरोग कार्यक्रमातील औषधयोजना हे त्यांत सापडणार नाही. आणि ज्याला उद्या आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करायचे आहे, त्याला हे यायलाच हवे.

सर्वांत फसवा प्रकार ‘रिकॉल’चा. मंडळ प्रश्नपत्रिका खुली करत नाही, त्यामुळे परीक्षार्थींनी आठवून सांगितलेले प्रश्न विकले जातात. आठवणीतून आधी गळतो तो नेमका तपशील. नवजात बाळाला कावीळ जन्मानंतर २४ तासांच्या आत दिसली, तर ती आजारामुळेच आहे असे धरून तपासण्या कराव्या लागतात. तिसऱ्या दिवशी, बाकी सारे ठीक असताना, ती बहुधा नैसर्गिक असते. प्रश्नातून दिवस गळला की पर्याय तेच राहतात, उत्तर मात्र उलटते. रिकॉलमधून कोणत्या विषयावर भर आहे एवढे पाहावे, उत्तरे पाठ करू नयेत.

राहिला प्रश्न किती साहित्य घ्यायचे याचा. एका क्लासचे सगळे व्हिडिओ ६०० तासांचे असतील, तर रोज सहा तास बघूनही १०० दिवस जातात, आणि उजळणीला काहीच उरत नाही. त्यात दुसऱ्या क्लासच्या नोट्स आणल्या की एकही संच पुरा होत नाही. नोट्सचा एक संच आणि एक प्रश्नसंच पुरतो. प्रश्नसंच घेताना नमुन्याचे ५० प्रश्न सोडवून पाहावेत. बरोबर पर्याय का बरोबर, हे सगळेच लिहितात. उरलेले तीन का चूक, हे लिहिलेले असेल तरच पैसे द्यावेत. व्हिडिओ फक्त कच्च्या विषयांचे बघावेत.

क्लासचालकांनी प्रत्येक नोट्सवर शेवटच्या दुरुस्तीचा महिना छापावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी आपली ग्रंथालये या पदवीधरांना वाजवी अनामत घेऊन वाचनासाठी खुली करावीत. आणि मंडळाने निदान एक जुनी प्रश्नपत्रिका अधिकृत उत्तरांसह प्रसिद्ध करावी.

— एक वैद्यकीय अध्यापक, पुणे